‘एक बाई’ कोण होती, सुलभा?

प्रिय सुलभा,

माझं अक्षर बघून हसू नकोस. लग्नाआधी तुला चिठ्ठी द्यायची होती ती मी तोंडीच दिली होती, इब्रामपूरच्या बसथांब्यावर, बसचं इंजिन चालू असताना, म्हणजे दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये! त्यानंतर बिलावर सही सोडली तर पेन कुठं धरलं? पण आज सकाळी जे ऐकलं त्यानं डोक्याचा पार गुंता झालाय. असा गुंता झाला की मी गाडी चालवताना तुला सांगत असे, पाठीमागं न बघता. आता त्या सीटवर तू नाहीस, म्हणून लिहितोय.

कुठं बसलोय सांगू? तुझ्या कॉलेजच्या गेटसमोर, काजूच्या झाडाखाली, ड्रायव्हरच्या सीटवर. मांडीवर फळी आहे आणि जुन्या ट्रिपांचे पाठकोरे कागद. आत वर्ग चालू आहे. तुझ्या जागी दीक्षा शिकवतेय. आणि काय शिकवतेय? तुझे दाढीवाले डॉक्टर!

बाहेरच्या जगात ते मनोविश्लेषणाचे जनक असतील, व्हिएन्नाचे मोठे विद्वान असतील. आपल्या घरात ते दाढीवालेच. दरवर्षी गणपतीची, चवथीची सुट्टी संपली की ते आपल्या गाडीत बसायचे आणि महिनाभर उतरायचे नाहीत. लाटंबार्शाच्या घरून कॉलेजपर्यंत तू त्यांचा धडा म्हणून दाखवायचीस. वर्ग नंतर, आधी मी. आठवतं ना, सुरुवातीला तू बाजूच्या सीटवर बसायचीस. पण बोलताना हात एवढे हलवायचीस की मी तुझ्याकडं बघत राहायचो आणि एकदा आपण शेताच्या बांधावर चढलो. तेव्हापासून तुझी जागा माझ्या बरोबर मागं. “आता ठीक,” तू म्हणालीस, “त्यांच्याकडंपण असंच होतं. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं दिसायचं नाही.”

ते ऐकून मी विचारलं होतं, “पण त्यांच्याकडं मागं कोण बसायचं? डॉक्टर की पेशंट?”

“डॉक्टर.”

“मग तू डॉक्टर. आणि बडबड पण तूच करतेस. हा कसला दवाखाना गो?”

तू किती हसली होतीस! पण सुलभा, हा प्रश्न मी चेष्टेत विचारला होता, आणि आज तोच माझ्या मानगुटीवर बसलाय. आपल्या दोघांत डॉक्टर कोण होतं?

तुझी शिकवायची रीत मला पहिल्यापासून आवडायची. बोलून माणूस हलका होतो हे मुलांना समजावताना तू परदेशातला दाखला आधी द्यायचीच नाहीस. आधी आपलं गाऱ्हाणं. देवळात गाऱ्हाणं घालणारा उभा राहतो, गावाच्या मनात जे काय असेल ते देवापुढं घडाघडा बोलतो, आणि प्रत्येक वाक्यामागं जमलेली माणसं एवढंच म्हणतात, “व्हय म्हाराजा!” कुणी मध्ये शहाणपण शिकवत नाही. बोलणाऱ्याचं बोलणं पुरं होऊ देतात. “हे तेच नव्हे हां,” तू मुलांना बजावायचीस, “पण त्याच्या शेजारचं आहे.” आणि मग वर्गभर मुलं व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा करत सुटायची. पलीकडच्या वर्गातले गणिताचे सर येऊन बघून गेले होते म्हणे, इथं देव आला की काय!

गाडीत ते काम माझं. वाक्य पटलं की मी म्हणायचं, “व्हय म्हाराजा.” नाही म्हटलं तर तू ओळखायचीस की वाक्य लंगडं आहे, आणि परत बांधायचीस. माझे कान चांगले असं तूच सांगायचीस सगळ्यांना. गिअरबॉक्समधला दात झिजला तर मला आठवडाभर आधी कळतं, आणि बायको पुस्तकातलं बोलतेय की मनातलं, तेही कळतं. मी काही शिकलेला नाही. खाणीच्या ट्रकवर क्लीनर होतो, मग ड्रायव्हर, मग स्वतःचा ट्रक, खाणी बंद झाल्यावर ट्रक विकून ही गाडी. त्यातलं अर्धं शिक्षण कानांनीच झालं.

मग हे कान त्या बाईच्या बाबतीत कुठं गेले होते, सांग बघू?

गेली काही वर्षं तू धड्यात एक नवी बाई आणली होतीस. दाढीवाल्यांचं म्हणणं असं, की माणूस विसरतो, गाळतो, चुकतो, ते उगाच नसतं. मनात खाली काहीतरी पुरलेलं असतं. बर्फाच्या डोंगराचा दाखला तू काढून टाकला होतास. “आमच्या मुलांनी बर्फ पाहिलाय तो मासळीवरचा,” म्हणायचीस, आणि खाणीचा खड्डा दाखवायचीस. वर हिरवं शांत पाणी. खाली किती खोल, ते खणणाऱ्यालाच ठाऊक. आणि त्या खड्ड्याच्या काठावर ही तुझी बाई उभी.

“एक बाई आहे,” तू मागून म्हणायचीस. “हसरी, बोलकी. जाईल तिथं सगळ्यांना हसवते. पण कुणाच्याही घरून निघताना ‘येते’ म्हणत नाही. निघून जाते, झालं. तिला स्वतःला ते ठाऊकसुद्धा नाही.”

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी काय म्हणालो? “कसली उद्धट गो ही बाई! आईनं वळण लावलं नाही वाटतं.”

आणि तू हसत सुटलीस. इतकी, की डोळ्यांतून पाणी आलं. आरशात मी पाहिलं, तू पदरानं डोळे पुसत होतीस. मला वाटलं, माझा विनोद भारी झाला.

तू गेल्यावर मात्र ती बाई माझ्या डोक्यातून जाईना. दिवसकार्य आटोपलं, मुलगा पुण्याला परत गेला, घरात मी एकटा, आणि समोर ती बाई. ‘येते’ न म्हणता निघालेली बाई मला एकच ठाऊक होती. इब्रामपूरहून बापाला न सांगता, मागच्या दारानं, एका क्लीनरबरोबर लग्न करायला निघालेली. तू!

मग मी एकेक आठवायला लागलो. त्या बाईबद्दल तू असंही सांगायचीस की माहेरच्या फाट्यावर आली की ती पदर सावरते. आपली गाडी इब्रामपूरच्या फाट्यावरून जायची तेव्हा तूही एक वाक्य चुकवायचीस. मी ऐकलंय ते, सुलभा. म्हणजे ती बाई तूच होतीस का? इतकी वर्षं मला पाठीमागून सांगत होतीस का, की अहो, मी आले खरी, पण माझं तिथून निघणं पुरं झालंच नाही? तुला पस्तावा झाला होता का माझ्याबरोबर आल्याचा? आणि मी वेडा पुढं बसून काय म्हणत होतो, तर व्हय म्हाराजा!

हे मला रोज जाळत होतं बघ. कुणाला विचारणार? तू म्हणायचीस, जागेपणी न सुटलेलं स्वप्नात येतं. कुठं येतं? तू गेल्यापासून मला एक स्वप्न पडलेलं नाही. लाकडासारखा झोपतो. तुझ्या दाढीवाल्यांकडं त्याला काय उत्तर आहे? शेजारी म्हणतात, बाबलो भारी धीराचा, रडलासुद्धा नाही. मी त्यांना हसवून परत पाठवतो. धीर आहे की काय आहे ते मलाच कळत नाही.

तेवढ्यात दीक्षा आली.

तुझीच विद्यार्थिनी ती, मांद्र्याची, आईबापांचं किनाऱ्यावर छोटं गेस्टहाऊस आहे ती. तुझ्या जागी तिला तासांवर घेतलंय. बल्कांवावर, दारापुढच्या ओट्यावर बसली, चहात उंडो पाव बुडवून खाल्ला आणि घाबरत म्हणाली, “काका, मॅडमनी दाढीवाल्यांवर काहीच लिहून ठेवलेलं नाही. मी वर्गात होते, पण तेव्हा पोरपणात अर्धं लक्ष बाहेर. मॅडम सगळां तुमका सांगी मरे! मी तुमच्या गाडीत मागं बसून एकदा म्हणून दाखवू?”

“सीटची स्प्रिंग तुटलीय,” मी म्हणालो.

पुढच्या आठवड्यात परत आली. मी म्हणालो, सीट दुरुस्तीला दिलीय. तिनं गाडीकडं बघितलं. सीट जाग्यावर होती. पोरगी चांगल्या वळणाची आहे, ‘बरं काका’ म्हणाली. पण जाताना म्हणाली, “काका, आजपासून आठ दिवसांनी तो धडा आहे. पुस्तकातून वाचून दाखवला तर मुलं झोपतील. मॅडमची मुलं आहेत ती.”

हे शेवटचं मला लागलं. शिवाय मी काही साधा माणूस नाही, तुला माहीत आहे. मनात म्हटलं, हिला बसू द्यायचं आणि बदल्यात त्या बाईचं विचारून घ्यायचं. वर्गात तू तिचं नाव-गाव काहीतरी बोलली असशीलच!

तर आज सकाळी दीक्षा तुझ्या जागेवर बसली. मी आरसा वर करून ठेवला. दिसायला नको.

सुरुवात बरी केली. जन्म, लहानपणीच व्हिएन्नाला येणं, आईचा लाडका मुलगा, गालिचा पसरलेला कोच, सिगार, जबड्याचं दुखणं, म्हातारपणी जीव वाचवायला देश सोडून लंडनला जाणं. मी व्हय म्हाराजा म्हणत गेलो. मुलग्याच्या मनात आईविषयी आणि बापाविषयी काय असतं, त्या भागात तिचा आवाज चोरटा झाला. मी म्हणालो, “इथं मॅडम घाबरायची नाही. मुलं खिदळली तर खिदळू द्यायची आणि मग म्हणायची, ‘झालं हसून? आता सांगा, का हसलात?’” ते तिनं दोनदा म्हणून पाहिलं.

याच भागावर मी एकदा तुला विचारलं होतं, आठवतं? “मला बाप आठवत नाही, आणि आई मला हॉटेलात ठेवून गेली. या हिशेबात मी कुठं बसतो?” विचारलं गाडीच्या काचेला, उत्तर काय विशेष हवं नव्हतं. तू धडा थांबवलास. मग मागून हळूच म्हणालीस, “व्हय म्हाराजा.” तेव्हा मला एवढं बरं का वाटलं होतं?

मग दीक्षा त्या रिळाच्या गोष्टीवर आली. दाढीवाल्यांचा एवढासा नातू. आई बाहेर गेली की रडत नाही. दोरा बांधलेलं लाकडी रीळ खाटेपलीकडं फेकतो आणि म्हणतो, गेलं! दोरा ओढतो आणि म्हणतो, आलं! आजोबा बघत बसलेत. पोर आईचं जाणं-येणं आपल्या हातात घेतंय. पुढं ती आई, म्हणजे डॉक्टरांची मुलगी, तापानं गेली.

या गोष्टीवर मी तुला कधीच व्हय म्हाराजा म्हटलं नाही. एकदा तू विचारलंस, “का थांबलात? वाक्य लंगडं झालं?” मी म्हणालो, “छे, पुढं डंपर होता.” तू शांतपणे म्हणालीस, “अहो, खाणी बंद आहेत. डंपर खंयचो?”

आज दीक्षापुढंही मी गप्प राहिलो. तिला वाटलं चुकली. “काका, काय झालं?” मी विषय बदलला आणि मनातलं विचारून टाकलं, “मॅडम त्या बाईचं काय सांगायची वर्गात? ती, निघताना ‘येते’ न म्हणणारी?”

“बाई?” दीक्षा म्हणाली. “बाई नाही काका. माणूस.”

“कसला माणूस?”

“एक माणूस आहे, असं सांगायच्या. हसरा, बोलका. जाईल तिथं सगळ्यांना हसवतो. पण निघताना ‘येतो’ म्हणत…” तिचा श्वास अडकला तो मी ऐकला. आरशाची गरजच नव्हती.

मी गाडी बाजूला घेतली.

“सांग,” मी म्हणालो. “आता पुरं सांग.”

“काका, आमकां सगळ्यांक ठाऊक होतां. मॅडम कधी बोलल्या नाहीत, पण सकाळी तुम्ही त्यांना सोडायला यायचा ना, आम्ही वर्गाच्या जनेलात, खिडकीत उभी राहायचो. त्या रोज म्हणायच्या, ‘येते हां.’ आणि तुम्ही रोज काहीतरी दुसरंच. पाव घेऊ काय, चष्मा घेतलास काय. आमची पैज असायची, आज तरी म्हणतील. हरलेल्यानं भजी द्यायची.”

भजी! माझ्यावर! सुलभा, तू मला बाईच्या लुगड्यात गुंडाळून माझ्याच पाठीशी बसवलंस, आणि वर्गात जाऊन ते लुगडं सोडून ठेवलंस! किती वर्षं मुलं मला गेटवर “काका, काका” करत होती, आणि मी समजत होतो की माणूस म्हणून मी लोकप्रिय आहे. रागावू की काय करू? खरं तर मला आधी लाज वाटली, मग राग आला, मग हसू आलं, तेही दीक्षासमोर. बिचारीला कळेना, पळावं की पाणी द्यावं.

“आणि का म्हणत नाही, ते सांगायची मॅडम?” मी विचारलं.

“सांगायच्या. त्या माणसाला लहानपणी त्याची आई बाजारातल्या हॉटेलात कपबशा धुवायला ठेवून गेली. जाताना ‘येते हां’ म्हणाली. तो दाराकडं तोंड करून बसला. ती आली, पण फार उशिरा. तेव्हापासून त्या शब्दावर त्याचा भरवसा नाही.”

आईनं असं म्हटलं होतं हे मी तुला कधी सांगितलं, सुलभा? कुठल्या वळणावर? मला आठवत नाही. गाडी चालवताना तोंडातून निघून गेलं असणार. तू उचलून ठेवलंस.

दीक्षा पुढं म्हणाली, “एकदा आमच्यातल्या एकानं विचारलं, ‘मॅडम, मग त्याला सांगून टाका ना. तो बरा होईल.’ तर मॅडम म्हणाल्या, ‘तो बरा नाही असं कोण म्हणतं? म्हणत नाही, पण येतो. रोज संध्याकाळी गेटवर मला न्यायला उभा असतो.’”

गाडी सुरू करायचं मी विसरूनच गेलो. दीक्षाच म्हणाली, “काका, उशीर होतोय.” मी तिला गेटवर सोडलं. ती उतरली, माझ्याकडं न बघता म्हणाली, “येते हां काका.” वर जनेलात पोरांची डोकी दिसत होती. मी तोंड उघडलं, आणि काय निघालं? “दार नीट लाव!”

घरी गेलो नाही. इथंच बसलोय.

शेवटच्या दिवशीही असंच नव्हतं का? तू याच गेटवर उतरलीस, “येते हां” म्हणालीस. मी म्हणालो, “दाढीवाल्यांना माझा नमस्कार सांग.” तू हसत आत गेलीस, दुपारी स्टाफरूममध्ये तुझ्या छातीत कळ आली, आणि मी इस्पितळात पोचलो तोवर सगळं संपलं होतं. तूही ‘येते’ म्हणून आली नाहीस. माझ्या आईपेक्षा तुझा उशीर मोठा झाला. यात तुझा दोष नाही हे कळतं गो मला. पण खाली खड्ड्यात जो पोरगा बसलाय त्याला कोण सांगणार?

आणि गुंता अजून सुटलेला नाहीच. ती बाई म्हणजे मी, एवढं कळलं, छातीवरचं ओझं उतरलं. मग ते माहेरच्या फाट्यावर पदर सावरणं? गेटवर येता येता मी मुद्दाम दीक्षाला विचारलं होतं, “तो माणूस कधी फाट्यावर पदर, म्हणजे शर्ट बिर्ट सावरायचा?” ती म्हणाली, “नाही काका, तसलं काही नव्हतं.” म्हणजे तेवढा तुकडा फक्त माझ्यासाठी होता. तो तुझा होता! अर्धी बाई मी, अर्धी तू, असं काहीतरी केलं होतंस का? की सहज बोलता बोलता आलं ते? दाढीवाले म्हणणार, सहज काही येत नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, “तुम्हाला काय वाटतं?” हे तुझं नेहमीचं. मला काय वाटतं तेच तर मला कळत नाही!

एक गोष्ट मात्र आत्ता लिहिता लिहिता ध्यानात आली. तुझ्या बापाचा राग निवळल्यावर आपण दर चवथीला इब्रामपूरला जायला लागलो. जेवणखाण, आरती, माझे विनोद. निघायच्या वेळी तू घरातल्यांना काय म्हणायचीस? मला ठाऊक नाही, सुलभा. एकदाही ऐकलेलं नाही. कारण तोपर्यंत मी कुणाला न सांगता बाहेर येऊन गाडी स्टार्ट करून बसलेला असे! एवढे चांगले कान, आणि नेमक्या वेळी अंगणाच्या बाहेर.

म्हणून ठरवलंय. या रविवारी मी इब्रामपूरला जाणार. तुझा भाऊ विनायक असेल, त्याच्याबरोबर चहा घेणार, आणि त्याला विचारणार, “सुलभा निघताना काय म्हणायची रे?” ‘येते’ म्हणायची असं तो म्हणाला तर चांगलंच. नाही म्हणाला, तर तुझ्या वाट्याचंसुद्धा मीच म्हणून येणार. उंबऱ्यावर उभं राहून, सगळ्यांसमोर, गाडी बंद ठेवून. जीभ अडखळेल. अडखळू दे.

घंटा झाली. मुलं बाहेर पडतायत. दीक्षा पुढं आहे आणि तिच्या मागं दोन-तीन पोरं व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा करत येतायत. म्हणजे धडा जमला! दाढीवाल्यांचे तास अजून पुष्कळ बाकी आहेत. उद्यापासून रोज सकाळी ती तुझ्या जागेवर बसेल आणि मी आरसा खाली घेईन. रिळाच्या गोष्टीवरही हुंकार देईन. डंपर सांगणार नाही, शब्द देतो.

आता तिला बसस्टँडवर सोडायला हवं. पत्र इथं थांबवतो. आणि घाबरू नकोस, लगेच तिकडं निघालो असा अर्थ काढू नकोस. नुसतं म्हणून बघतोय, तुझ्याकडं पहिल्यांदा.

येतो हां.

तुझा,
बाबलो